तीन नंबरचा तवा

अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, काका, तुम्ही जन्मभर वायरमनकी केलीत, आमच्या दिवाळी अंकाला काहीतरी लिहून द्या. मी म्हटलं, माझं शिक्षण मराठी चौथी. त्या म्हणाल्या, चालेल, शुद्धलेखन आम्ही तपासू. मी म्हटलं, शुद्धलेखन तपासा, पण जे लिहिलंय ते बदलायचं नाही. त्या हसल्या. त्यांना वाटलं म्हातारा भाव खातोय.

मी किती पंखे टांगले आणि किती मीटर बसवले ते कोणाला वाचायचंय? मी एकाच कामाबद्दल लिहिणार आहे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. घाटकोपरला आग्रा रोडच्या आत कंगव्यांचा एक कारखाना होता. तिथे सहा विजेचे तवे होते. त्या तव्यांना वीज कशी द्यायची आणि कशी आवरायची हे मी ठरवलं होतं. ठरवताना मी घाबरलेलो होतो. घाबरलेला माणूस चुकत नाही असं तेव्हा मला वाटायचं.

माझी बायको शेवंती गेल्या माघात गेली. ती असती तर हे लिहिलं नसतं.

आधी कारखाना सांगतो. कंगवे, फण्या आणि बायकांच्या केसांचे चाप तिथे व्हायचे, सगळे सेल्युलॉइडचे. कापूस ॲसिडात मुरवून त्यात कापूर घालतात आणि त्याचे पत्रे करतात, असं शेठनी मला सांगितलं होतं. दिसायला मधासारखा रंग, हातात घेतलं तर हलकं. पण पेटलं की संपलं. लाकूड पेटलं तर माणूस त्यावर वाळू टाकतो, गोणपाट टाकतो, हवा तोडतो. ह्याला हवा लागतच नाही. झाका, दाबा, ते आतल्या आत जळत जातं. फक्त भरपूर पाणी हवं, आणि तेही पहिल्या क्षणाला. म्हणून फाटकावर काडेपेटी काढून घ्यायचे. करवतीचा भुसा ओला करूनच गोळा करायचे आणि पाण्याच्या पिंपात टाकायचे. दारं कायम उघडी ठेवायची, हा नियम मीच शेठच्या मागे लागून करून घेतला होता. आग लागली तर पळता यावं म्हणून.

सगळ्या कारखान्याला कापराचा वास. देवळात आरतीला कापूर लावला की लोक हात जोडतात. माझी नजर आधी दार कुठे आहे ते बघायची. अजून बघते.

चाप करायचा तर पत्रा मऊ करून साच्यात वाकवावा लागतो. आधी हे काम गरम पाण्यात व्हायचं. भिंतीपलीकडे कोळशाचा मोठा बंब होता, त्याचं उकळतं पाणी नळीने आतल्या परातीत यायचं. बायका पत्रा पाण्यात धरायच्या, मऊ झाला की साच्यात घालायच्या. त्या पाण्याची मला कधी भीती वाटली नाही. पाणी उकळलं की थांबतं. खाली कितीही जाळा, ते उकळीच्या वर चढत नाही, वाफ होऊन निघून जातं. त्याला आवरायला स्विच लागत नाही की माणूस लागत नाही. पुढे जे मी शोधत बसलो ते त्या परातीत आयतं होतं, पण तेव्हा कळलं नाही.

शेवंती तिथे कशी आली ते सांगतो. आमचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, चाळीत एक खोली. ती म्हणायची, मी पण काम करते. मी म्हणायचो, नको. एक दिवस सकाळी मी कारखान्यात शिडीवर चढून दिव्याची वायर बदलत होतो. खाली बघतो तर परातीशी ओळीत तिसरी बसलेली बाई ओळखीची वाटली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. माझी बायको.

मी वरूनच म्हटलं, "तू इथे?"

"हळू बोला. मुकादम बघतोय."

"कोणाला विचारून आलीस?"

"पारूबाईला."

पारूबाई म्हणजे आमच्याच चाळीतली, आमच्याच मालवणची. शेवंतीपेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि तोंडाने कारखान्यात सगळ्यांपेक्षा मोठी. ती परातीतून डोकं वर न काढता म्हणाली, "मिस्त्री, शिडी धरून रवा. बायको खंय पळान जाणा नाय, हयच आसा." सगळ्या बायका खदखदून हसल्या. मी वायरची दोन टोकं हातात धरून तसाच उभा.

घरी आल्यावर मी खूप बोललो. जागा कशी आहे, एक ठिणगी पडली तर काय होईल, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही रोज तिथे जाता, मी इथे एकटी बसून घाबरते. आता दोघं एका जागी घाबरू."

ती जायला लागली. तिला तिथे आवडायचं. बायकांत बसणं, टिंगल, येता-जाता चालणं. संध्याकाळी तिच्या केसांना आणि लुगड्याला कापराचा वास यायचा. शेजारी ती झोपली की तो वास यायचा आणि मी जागा राहायचो. तिला कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी शेठना जाड चाप काढायचे होते. जाड पत्रा पाण्यात नीट मऊ होईना, आणि वर पांढुरके डाग पडायचे. म्हणून शेठनी ठरवलं, पाणी बंद, कोरडे तवे घ्यायचे आणि ते विजेवर तापवायचे. सहा जाड लोखंडी तवे आले. प्रत्येकाच्या पोटात दोन एलिमेंट. एलिमेंट म्हणजे अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळलेली नायक्रोमची तार, घरच्या इस्त्रीत असते तीच. ह्या तारेला पाण्यासारखी अक्कल नाही. वीज आहे तोवर ती तापत राहते. तवा पाण्याच्या उकळीच्या थोडाच वर हवा होता. त्याच्या बराच वर गेला की पत्रा धुमसायला लागतो, आणि मग पेटतो. म्हणजे तार आवरायची कशी, एवढाच प्रश्न होता. आणि तिसऱ्या तव्यावर शेवंती बसणार होती.

एलिमेंट ज्यांच्याकडून आले त्यांनी त्यांचे इंजिनीअर पाठवले. दामलेसाहेब, पार्ल्याचे, वयाने माझ्याएवढेच. पांढरा शर्ट, आवाज हळू. मला 'साळगावकर' म्हणायचे, 'अरे मिस्त्री' नाही, हे माझ्या लक्षात राहिलं आहे. शेठ, ते आणि मी असे तिघं तव्यांच्या खोलीत स्टुलांवर बसलो.

दामलेसाहेब म्हणाले, "थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टर लावू. तवा हवा तेवढा तापला की थर्मोस्टॅटला कळतं, तो कॉन्टॅक्टर सोडतो, वीज तुटते. तवा उतरला की परत जोडतो."

कॉन्टॅक्टर म्हणजे लोहचुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच. दिवसभर खट-खट करत वीज तोडतो आणि जोडतो.

मी म्हटलं, "साहेब, आणि एक दिवस खट झालंच नाही तर?"

मी हे उगाच विचारलं नव्हतं. त्याआधी अंधेरीला पत्र्याच्या डब्यांचा रंग वाळवायच्या भट्टीवर मी काम केलं होतं. तिथे असाच कॉन्टॅक्टर होता. दर वेळी तोडताना ठिणगी पडते, त्या ठिणगीने त्याचे दोन ओठ झिजतात, आणि एखाद्या वेळी वितळून एकमेकांना चिकटतात. तिथे चिकटले. थर्मोस्टॅट बिचारा सोड सोड म्हणतोय, पण सोडणार कोण? आम्ही चहा पिऊन आलो तर भट्टीचं दार तांबूस झालं होतं. आतला सगळा माल काळा. आत माणूस नव्हता म्हणून ती गोष्ट मी हसत सांगू शकतो.

दामलेसाहेबांनी ऐकून घेतलं. दुसरा मार्ग म्हणजे रिऑस्टॅट, मध्ये आडवी तार घालून वीज खायची. तो त्यांनीच खोडला. खाल्लेली वीज त्या तारेत उष्णता होऊन बाहेर पडणार, म्हणजे खोलीत सातवा तवा. मग ऑटो ट्रान्सफॉर्मरची गोष्ट निघाली. वर गोल मूठ असते, नळासारखी फिरवली की वीज कमी-जास्त. मला तो आवडला. पण तो परदेशातून यायचा, परवान्याशिवाय मिळायचा नाही, आणि मूठ म्हटली की ती कोणीतरी फिरवणार. दिवाळीच्या घाईत पारूबाईच्या हाताशी मूठ! मी तर शेठच्या हातालाही भ्यालो असतो.

शेवटी राहिला तीन घरांचा स्विच, विजेच्या शेगडीला असतो तो. दोन्ही एलिमेंट शेजारी शेजारी जोडले तर पूर्ण ताप. एकच चालू ठेवलं तर अर्धा. दोन्ही एकामागे एक, म्हणजे वीज एकातून दुसऱ्यात, असे जोडले तर पाव.

मी म्हटलं, "स्विचसुद्धा नको. मी दोन्ही एकामागे एक जोडून टाकतो, कायमचं. पाव तापाच्या वर वीज मिळायचीच नाही. कोणाला काही फिरवायला नको. एक तार तुटली तर दोन्ही बंद. म्हणजे बिघडला तर तवा गार पडेल. तुमचा कॉन्टॅक्टर बिघडला तर तवा चढेल. साहेब, कुठली वस्तू कुठल्या बाजूला बिघडते ते आधी बघा."

दामलेसाहेब म्हणाले, "हे चांगलं बोललात. पण साळगावकर, ह्यात तुम्ही वीज बांधताय, उष्णता बांधत नाही. त्यात फरक आहे."

तो फरक काय ते मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, शिकलेला माणूस शब्दांत पकडतोय. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही संध्याकाळी पार्ल्याला घरी जाल. माझी बायको तीन नंबरच्या तव्यावर बसते."

अशा बोलण्यावर सभ्य माणूस गप्पच होतो. शेठना मोडतोड नसलेलं साधं काम हवंच होतं. ते म्हणाले, "मिस्त्री बोलतो तसा करा." माझी छाती फुगली. चौथी शिकलेल्याने इंजिनीअरला हरवलं.

तवे बसवले. तीन दिवस काचेचा लांब थर्मामीटर घेऊन मी एकेका तव्याशी बसलो. पारा उकळीच्या जरा वर जायचा आणि थांबायचा. सकाळी लावा, दुपारी बघा, तिथेच. पाण्यासारखा थांबतोय म्हणून मी खूष.

बायका खूष नव्हत्या. तवा पाहायची त्यांची रीत म्हणजे पाण्याचा थेंब टाकायचा. भाकरीच्या तव्यावर थेंब नाचतो. ह्या तव्यावर तो बसून राहायचा आणि चुरचुरत आटायचा. पारूबाई मला हाक मारून दाखवायची. "ह्यो बघ तुझो तवो, मिस्त्री. हेच्यार भाकरी टाकली तर पोरां उपाशी मरतली." मी थेंब टाकायलाही बंदी केली, विजेच्या जवळ पाणी नको म्हणून. माझ्या बंद्या वाढतच होत्या. काडेपेटी नको, वायरला हात नको, थेंब नको, दार लावायचं नाही.

ह्या उघड्या दारांनी घोटाळा केला. दुपारी बायका बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये जेवायला जायच्या, आत खायला परवानगी नव्हती. तवे चालूच असायचे, कारण बंद केले तर परत तापायला तास जायचा. पण खाडीकडून वारा सुटला की तो सरळ खोलीतून जायचा आणि तवे उतरायचे. जेवून आल्यावर पत्रा मऊ व्हायला वेळ लागायचा. दिवाळी तोंडावर, चापांची मागणी वाढलेली, मजुरी डझनावर. बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या. शेवंतीला त्यांचं ऐकावं लागायचं, कारण ती माझी बायको.

एकदा घरी म्हणाली, "अहो, तवे जरा चढवा ना. सगळ्या मला बोलतात."

मी म्हटलं, "बोलू देत. जिवंत आहात म्हणून बोलताय."



मला एक सवय होती. रोज जेवणाच्या सुट्टीत मी एकटा आत जाऊन सहाही तव्यांवरून उलटा हात फिरवून यायचो. त्या दिवशी जरा उशीर झाला. कोणाशी तरी बोलत नळावर उभा राहिलो. आत शिरलो आणि पहिल्यांदा वास आला. रोजचा कापराचा गोडसर वास नव्हता. घशाला लागणारा, आंबट. तीन नंबरच्या तव्यावर गोणपाट होतं, चौपदरी घडी करून. त्यावर पत्रा दाबायची लाकडी फळी. फळीच्या कडेने पिवळा धूर येत होता, बारीक, उदबत्तीएवढा.

मी मेन स्विचकडे धावलो आणि खटका खाली ओढला. काहीच झालं नाही. होणार काय? इंचभर जाडीचं लोखंड तापलेलं. वीज गेली तरी ते तापलेलंच. वायरमनच्या हातात मेन असतो, आणि त्याच्या पुढे काही नसतं, हे मला तेव्हा कळलं. धूर दोन बोटं जाड झाला. शेजारी हातभर अंतरावर कोऱ्या पत्र्यांची थप्पी होती. थप्पी पेटली असती तर खोली गेली असती, आणि शेडमध्ये चाळीस बायका जेवत होत्या.

तेवढ्यात दारात शेवंती. डबा धुऊन आली होती, हात ओले.

"मागे हो!" मी ओरडलो.

ती मागे झाली नाही. मी फळीसकट गोणपाट आणि त्याखालचे पत्रे दोन्ही हातांनी कवेत उचलले. हाताचं काय होतंय ते कळत नव्हतं. भुशाचं पिंप सहा पावलांवर होतं, पण त्याला लाकडी झाकण होतं, आणि मला तिसरा हात नव्हता. मी पोचलो तेव्हा झाकण नव्हतं. शेवंतीने डबा टाकून ते आधीच ढकललं होतं. मी सगळं पाण्यात लोटलं. पाणी खवळलं, पिवळा धूर वर आला, खाली पत्रे अजून धुमसत होते, मग थांबले. मी पिंपाला टेकून खाली बसलो. तळहाताची कातडी गोणपाटाला चिकटून गेली होती.

ती झाकण हातात धरून उभी होती. त्या दिवशी तो कारखाना वाचला तो त्या झाकणामुळे. हे कोणी सांगत नाही.

आवाज ऐकून सगळ्या बायका दाराशी आल्या, मुकादम आला. मी ओरडलो, "कोणी झाकला हा?"

"मी," शेवंती म्हणाली.

"तू? अक्कल आहे का तुला? तवा झाकतात काय?"

"भात झाकतात, भाकरी झाकतात. वाऱ्याने गार पडतोय म्हणून पत्रे घालून झाकला. म्हटलं, जेवून येईपर्यंत दम बसेल." तिने हातातलं झाकण खाली ठेवलं. "तुम्ही सांगितलंत का कधी, झाकू नका म्हणून?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शंभर गोष्टी नको म्हणून सांगितल्या होत्या. ही एक नव्हती सांगितली. सांगणार कसा? मलाच माहीत नव्हतं.

दामलेसाहेब जे म्हणाले होते तो फरक हाच. वीज मी पाव केली होती, आणि ती शेवटपर्यंत पावच होती. पण तवा तेवढ्याच तापावर का थांबायचा? कारण मिळेल तेवढी उष्णता तो हवेत सोडत होता. वर गोधडी घातली की सोडणार कुठे? माणूस गोधडीत घामाघूम होतो तेव्हा त्याच्या अंगात जास्त जाळ होत नसतो, बाहेर जायची वाट बंद झालेली असते. तसा तो तवा घडीखाली चढत गेला. तिथे थर्मोस्टॅट असता तर त्याला कळलं असतं आणि त्याने वीज तोडली असती. माझ्या जोडणीला काही कळतच नव्हतं. ती आंधळी होती, आणि ती मी निवडली होती.

शेठ आले. पिंप बघितलं, माझे हात बघितले, पत्र्यांची थप्पी बघितली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. विचारलं, "कोनाची चूक?"

मला बोलायला हवं होतं. दोन वाक्यं होती. शेठ, जोडणी माझी चुकली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी खाली बघत राहिलो. माझे हात कोणीतरी ओल्या फडक्यात गुंडाळत होतं, त्यांच्याकडे बघत राहिलो.

शेवंती म्हणाली, "माझी."

"उद्यापासून येऊ नको, बाई," शेठ म्हणाले.

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना पेन्सिल थांबली होती, पण लिहितो. मला बरं वाटलं. ती त्या खोलीतून सुटली. उद्यापासून तिच्या केसांना तो वास येणार नाही. माझे हात जळत होते आणि पोटात थंड वाटत होतं.

दामलेसाहेब दुसऱ्या दिवशी आले. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. मला शेजारी बसवून सगळं समजावलं आणि म्हणाले, "तुमचं पण सोडायचं नाही." म्हणून मग आम्ही तीन गोष्टी केल्या. एलिमेंट एकामागे एक तसेच राहिले, म्हणजे चढला तरी तवा हळू चढेल. प्रत्येक तव्यात थर्मोस्टॅट आला, आणि त्याचे कॉन्टॅक्टर ठिणगीसकट भिंतीपलीकडे, कोळशाच्या बंबाच्या जुन्या जागी गेले. आणि कॉन्टॅक्टर चिकटलाच तर? त्याच्यासाठी मी एक वस्तू हाताने केली. तव्याला टेकून पितळेची छोटी पट्टी, स्प्रिंगने ताणलेली, मऊ डागाच्या, म्हणजे लवकर वितळणाऱ्या कथलाच्या, एका टाक्याने धरून ठेवलेली. तवा फार चढला की डाग वितळतो, पट्टी सुटते, वीज तुटते. परत जोडायला वायरमनलाच यावं लागतं. कारखाना बंद होईपर्यंत सहातला एकही तवा पुन्हा चढला नाही. ह्याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. दारावर मी स्वतः खडूने लिहिलं होतं, 'तवा झाकू नये'. अक्षर वाईट, पण सगळ्यांना वाचता यायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पारूबाई ओरडून सांगायची.

शेवंती घरी राहिली. दोन वर्षांनी मुलगी झाली. नंतर तिने पापड लाटले, शिवण केलं, कधी रिकामी बसली नाही. पण चाळीत तिच्या नावाला ते चिकटलं ते चिकटलंच. कारखाना पेटवत होती ती. नळावर भांडण झालं की कोणीतरी म्हणायचं, जा गो, तवा झाक. ती हसून सोडायची. मी घरात असलो की माझ्याकडे एकदा बघायची. मी पेपर वाचायचो.

मी तिला घरी विजेची शेगडी करून दिली होती. तिच्यातही दोन तारा एकामागे एक. जन्मभर ती त्या शेगडीला नावं ठेवत आली. "चहा टाकलाय, तोवर स्टेशनला जाऊन या," म्हणायची. मी किती वेळा म्हटलं, दुसरी आणू. नको म्हणाली. भांड्यावर झाकण ठेवायची आणि समोर बसून राहायची, उकळी येईपर्यंत उठायची नाही.

शेवंतीच्या तेराव्याला भटजींनी कापूर लावला. मी उठून दाराकडे गेलो, आणि मग कळलं की मी मेन स्विचला हात लावून उभा आहे. मुलीने हात धरून आणून बसवलं. पारूबाई आली होती. आता ती काठी घेऊन चालते. रडत होती, आणि रडता रडता सगळ्यांना सांगत होती, "माझी शेवंती गो! त्या दिसा कारखानोच जाळतली होती!" लोक हसले. दुःखाच्या घरी असं हसू येतं, त्यात कोणाचं वाईट मन नसतं. माझी मुलगीही हसली. तिला तेवढीच गोष्ट माहीत आहे. आणि मी त्या दिवशी परत खाली बघत बसलो.

एक गोष्ट राहिली. ती मी कोणालाच सांगितलेली नाही. नवे थर्मोस्टॅट लावत होतो तेव्हा दामलेसाहेबांनी मला विचारलं होतं, तव्यावर कोण होतं, आणि पिंपाचं झाकण कोणी काढलं? मी खरं ते सांगितलं. ते उठून शेठच्या केबिनमध्ये गेले. संध्याकाळी शेठनी मला बोलावलं. म्हणाले, "दामलेसाब बोलतात, बाईची चूक नाय. उलटं तिनेच वाचवला. सोमवारपासून पाठवून दे तिला."

मी म्हटलं, "हो, शेठ."

घरी गेलो. शेवंतीने विचारलं, "काय म्हणाले शेठ?"

मी म्हटलं, "काही नाही."

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला उठली. जेवणाचा डबा घासून, पुसून फळीवर पालथा घातला. पुढच्या सोमवारीही घासला. कोणीतरी बोलवायला येईल असं तिला वाटत असणार. शेठनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, तीच नको म्हणते. मग एक दिवस तिने त्या डब्यात चहाची पूड भरली. पूड अजून त्याच डब्यात असते. रोज सकाळी मी तो उघडतो, चहा टाकतो आणि शेगडीसमोर बसतो. बराच वेळ लागतो.

बाई, शुद्धलेखन तपासा, पण एवढं असंच छापा. तवा चुकीचा मी जोडला होता. झाकण शेवंतीने काढलं होतं. शेठनी तिला परत बोलावलं होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही, कारण मी भीत होतो.